कारणाचा रकाना

मास्तरांनी दोरीचं एक टोक सुनेच्या हातात दिलं, दुसरं दातात धरलं आणि ते ट्रकच्या पुढच्या भागाखाली सरकले. चाकं काढून ठेवली होती; गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. मास्तरांचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे, उजवा हात सदा थरथरणारा. घरचा जिना चढताना पायरीगणिक ‘आई गं’ म्हणतील, पण गाडीखाली शिरायचं असलं की म्हातारा मांजरासारखा आत जायचा.

“ताण.”

“ताणलीय, मामा.”

“डावीकडे किती?”

सुनेने पट्टी लावून पाहिली. “सात मिलिमीटर वर. आणि तीन मागे.”

“उजवीकडे?”

“काही नाही. सरळ आहे.”

“परत डावंच!” मास्तर खालून म्हणाले. आवाजात काळजी कसली, चक्क आनंद होता. सुनेला हसू आवरेना. ज्याची गाडी तो बिचारा डोक्याला हात लावून बसलाय, आणि ह्यांना उत्साह चढलाय!

तो बिचारा बाहेर उपड्या डब्यावर बसला होता. त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. हा त्याचाच शब्द होता. कोणी घाई केली की तो म्हणायचा, “सावकाश, सगळं होतं.” डोंगरमाथ्यावर एक मनोरा होता, आणि तिथल्या यंत्राला आठवड्यातून दोनदा डिझेलची पिंपं पोचवायची ही त्याची एका ठेकेदाराकडची नोकरी. वाट म्हणजे दगडधोंडे. त्या वाटेने दुसरी गाडी जात नसे. बावीस वर्षांत त्याने कशाला साधा ओरखडा लावला नव्हता. आणि आता वर्षभरात तिसऱ्यांदा पुढचा अ‍ॅक्सल वाकवून आणला होता.

अ‍ॅक्सल म्हणजे मधोमध दातेरी चाकांचा एक लोखंडी गोळा, त्याच्या दोन्ही बाजूंना मनगटाहून जाड अशा दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकांना चाकं. सगळ्या पुढच्या गाडीचा भार ह्या नळ्यांवर. डांबरी रस्त्यावर त्या जन्मभर वाकत नाहीत. डोंगरात वाकतात, पण मग कधी इकडची, कधी तिकडची. तिन्ही वेळा डावीच वाकावी हे काही मास्तरांच्या पचनी पडेना.

“ठेकेदार काय म्हणतोय?” मास्तरांनी बाहेर येत विचारलं.

“तो काय म्हणणार? मुकादम म्हणतो,” सावकाश म्हणाला. “म्हणतो, तुझी नजर गेली. शनिवारी मास्तरांचा कागद आण. त्यात ड्रायव्हरची चूक असं निघालं तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं. त्याचा भाचा बसलाय टपून. हातात गाडी मिळाली की विमान करतो पोरगा तिचं.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“रस्ताच तसा आहे, मास्तर.”

“रस्ता एकवीस वर्षं तसाच होता.”

सावकाशने कपात पाहिलं. कप केव्हाच रिकामा झाला होता.

‘मास्तरांचा कागद’ ही गावात मोठी चीज होती. ह्या गॅरेजात प्रत्येक कामाचं एक कार्ड असे, आणि त्यावर ‘कारण’ नावाचा रकाना. काय मोडलं हे कोणीही लिहील. का मोडलं हे लिहिल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही, हा मास्तरांचा नियम. लोक मागून ‘कारणमास्तर’ म्हणून हसायचे आणि भांडण झालं की त्यांच्याच कागदावर विश्वास ठेवायचे. कारण त्या रकान्यात मास्तरांनी कोणाचीही भीड ठेवलेली नव्हती. स्वतःच्या मुलाचीसुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी मुलाने जोडलेला एक अ‍ॅक्सल उतारावर सुटला आणि गाडी खड्ड्यात गेली. माणूस वाचला. गाडीवालाच म्हणाला, रस्ता वाईट, नशीब वाईट. मास्तरांनी तुटलेला जोड हातात घेतला आणि कार्डावर लिहिलं : ‘कारण : जोड कच्चा. काम आमचंच.’ आणि चार माणसांत वाचून दाखवलं. त्या दिवशी मुलाने हातमोजे काढून ठेवले ते कायमचे. आता तो पुढच्या दुकानात बसून बोल्ट, नट, पाण्याचे पाइप विकायचा, आणि बापलेकांचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘अर्धा इंची संपलेत’ एवढ्यावर आलं होतं. वेल्डिंग शिकली ती सून. मास्तर नजरेने शिकवायचे, हात तिचा. काम झालं की ते खिशातून छोटी हातोडी काढत, जोडावर टण्‌ करून मारत आणि डोळे मिटून आवाज ऐकत. आवाज पसंत पडला तर मान हलवत. नाहीतर नुसते निघून जात, आणि ते शिवीपेक्षा वाईट लागे.

“मामा, मी सांगू का?” सून म्हणाली. “आपण हा अ‍ॅक्सल ठेवायचाच नाही.”

ती कोपऱ्यात गेली आणि तिने ताडपत्री ओढली. खाली दुसरा अ‍ॅक्सल होता. भंगारात निघालेल्या एका लष्करी ट्रकचा. नळ्या दीडपट जाड, गोळा थोराड, एक बाजू लांब आणि एक आखूड. तीन भंगारवाल्यांची दारं झिजवून तिने तो मिळवला होता, तारेच्या ब्रशने घासला होता आणि तांबडा रंगही दिला होता. नव्या साडीकडे बघणार नाही अशा कौतुकाने ती त्याच्याकडे बघत होती.

“हा घाला. हत्ती नाचला वर तरी वाकायचा नाही.”

मास्तरांनी त्यावरून हात फिरवला. “माल उत्तम आहे, सूनबाई. डोळा आहे तुला.” मग जरा थांबून म्हणाले, “पण जड आहे. आणि गोळा चार बोटं खाली लोंबतो. दगडाला आधी तोच लागेल.”

“खालून पट्टी देईन.”

“दे. मग अ‍ॅक्सल वाकणार नाही, स्प्रिंगचे पाटे तुटतील. पाटे जाड केलेस तर गाडीचा सांगाडाच चिरेल. मजबूत केल्याने मोडणं थांबत नाही गं, शेजारच्या घरी राहायला जातं. आधी ते आलं कुठून ते बघायला नको?”

“शनिवारी गाडी द्यायचीय, मामा. आज बुधवार.”

“म्हणून तर आजच बघायचं.”

आणि त्यांनी बघायला सुरुवात केली. सून रागावली होती खरी, पण तिचीही मान आपोआप खाली झुकली. मास्तर बोलत नव्हते, बोट ठेवत होते. गोळ्याचं पोट पुसलं, ओरखडा नाही. म्हणजे दगडाला धडक नाही. डाव्या टायरची आतली कड झिजलेली, ते वाकल्यामुळेच. मग नळीचा बाक. वर सात, मागे तीन.

“वर का?” त्यांनी विचारलं.

“चाक खाली आदळलं म्हणून.”

“आणि मागे?”

 सुनेने उजवा हात चाकासारखा धरला, खाली सोडला, परत धरला. “मामा... ब्रेक लागलेला होता. चाक फिरत नव्हतं. आदळलं आणि जमिनीने मागे ओढलं.”

“शाब्बास!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली. “आता सांग, अपघाताने खड्ड्यात जाणारा ब्रेक कधी दाबतो? गेल्यावर! आधी वेळच मिळत नाही. हा आधी दाबतोय. म्हणजे ह्याला ठाऊक आहे की आपण पडणार. गाडी उंचावर चढवतोय, कडेला आणतोय, ब्रेक दाबतोय आणि मग सावकाश...” त्यांनी बाहेर पाहिलं, “सावकाश खाली सोडतोय. दर खेपेला. जाणूनबुजून.”

दोघांनीही डब्यावर बसलेल्या माणसाकडे पाहिलं. तो टोपीने वारा घेत होता. असल्या माणसाने मुद्दाम गाडी आपटावी? सुनेला आता शनिवार वगैरे काही सुचेना. तिलाही ते कोडं चावलं.

गुरुवारी दुपारपर्यंत जुना अ‍ॅक्सल सरळ झाला. नळीत भरीव कांब घातली, साखळी आणि जॅक लावून बाक काढला, आणि सुनेने खालून पट्टी जोडली. सलग नाही, इकडे दोन बोटं, मग थांबून तिकडे दोन बोटं. सलग ओढलं की तापलेलं लोखंड निवताना नळीलाच वाकवतं. घाईने मजबूत करायला जाऊन गाडी वाकडी करून देणारे कारागीर काही कमी नाहीत. मास्तरांनी हातोडी मारली, ऐकलं, मान हलवली.

“चला,” ते सावकाशला म्हणाले, “पिंपं भर. चाचणी घेऊ. आम्ही येतो वर.”

सावकाशचा चेहरा एवढासा झाला. “तुम्ही कशाला, मास्तर? गुडघे...”

“गुडघ्यांची चौकशी नंतर कर.”

तिघं दाटीवाटीने बसले. सून डाव्या खिडकीशी, कारण तिला चाकावर डोळा ठेवायचा होता. सावकाश खरोखरच सुरेख चालवत होता. प्रत्येक दगडाशी त्याची ओळख असावी तसा तो चाक अलगद ठेवायचा, अलगद उचलायचा. नजर गेलेला माणूस असा चालवत नाही, हे सुनेने पहिल्या वळणालाच ओळखलं. मागची पिंपं कुरकुरतसुद्धा नव्हती.

सातव्या वळणावर त्याने गाडी थांबवली.

पुढे वाट गाडीपुरतीच होती, उजवीकडे दरीची कड. चाकोऱ्या सपाट, कोरड्या. डाव्या चाकोरीला लागून गुडघ्याएवढा उंच, लांबट खडक होता. चढायला बरा, पण पलीकडे एकदम तुटलेला. खडकावर काळे टायरचे पट्टे उमटले होते. त्याच्या बाजूची सपाट चाकोरी मात्र कोरी होती. तिच्यात गवताची चार पाती उभी होती.

सावकाशचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. इंजिन धडधडत होतं. सरळ खालून गेला असता तर कोणाला काहीच कळलं नसतं. आणि वरून गेला तर समोर कारणमास्तर बसलेले.  मास्तर समोर बघत होते. सुनेला वाटलं, आता हा खालूनच नेणार.

त्याने गिअर टाकला आणि डावं चाक खडकावर चढवलं. कडेला आणलं. ब्रेक दाबला. गाडी धाडकन् खाली बसली आणि तिघांचे दात एकमेकांवर आपटले.

“थांब,” मास्तर म्हणाले.

ते उतरले, त्या कोऱ्या चाकोरीशी उकिडवे बसले आणि मातीवरची एक चपटी फरशी त्यांनी बाजूला केली. खाली काळा पाइप होता, अंगठ्याएवढा. त्यांनी त्यावर हात ठेवला. पाइप गार होता, आणि आतून पाणी वाहत असल्याचं हाताला कळत होतं. डोंगरावरून खडकाच्या कुशीने येऊन तो चाकोरीतून दीडेक मीटर पुढे जात होता आणि मग रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे उतरत होता.

“कोणाचं पाणी?”

 सावकाश खाली उतरला, टोपी हातात घेऊन.

“खालच्या अंगाला अकरा घरं आहेत, मास्तर. बायका झऱ्यावर यायच्या, जाऊन-येऊन अडीच तास. ठेकेदाराकडे गेली माणसं, पाइप टाकू द्या म्हणून. तो म्हणाला, रस्ता मी केलाय, माझ्या रस्त्यात काही आडवं-उभं नको. तरी टाकला. तर मुकादमाने माणसं पाठवून उपटला, गुंडाळी करून दरीत फेकला. गेल्या वर्षी परत टाकला. सगळीकडून आडरानातून नेलाय, फक्त इथे खडक आडवा येतो, म्हणून एवढाच तुकडा रस्त्यात. मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, गाडी एकच जाते, ती माझी. उतरताना रिकामी गाडी दरीच्या कडेने निघते, भरलेली कडेला पेलत नाही, ती खडकावरून नेतो. मी सांभाळतो.”

“आणि अ‍ॅक्सल?” सून म्हणाली.

“अ‍ॅक्सल तुम्ही सांभाळताच की, वहिनी.”

तिला हसावं की रडावं कळेना.

“पण काका, नोकरी जाईल ना हो तुमची! बोलायचं नाही का?”

“बोललो तर पाइप जाईल.” त्याने टोपीतली धूळ झटकली. “एकदा इथे इंजिन तापलं होतं. एका म्हातारीने कळशी ओतली रेडिएटरमध्ये. अख्खी. मी आपला ‘बरं झालं बाई’ म्हणून निघून गेलो. महिन्याने कळलं, ते तिचं दिवसभराचं पाणी होतं. परत जायला पायात जोर नव्हता म्हणून त्या दिवशी तशीच राहिली ती.”

मास्तरांनी फरशी जागच्या जागी ठेवली आणि कडेने माती सारखी केली. वर पिंपं उतरवून तिघं परत आले. फाटकाशी उतरल्यावर सुनेने विचारलं, “मामा, रकान्यात काय लिहिणार?”

“खरं.”

“खरं लिहिलंत तर मुकादम उद्या माणसं घेऊन वर जाईल.”

“ठाऊक आहे.”

“आणि खोटं तुम्ही लिहिणार नाही.”

“ते तुला ठाऊक आहे.”

“मग नका लिहू काहीच!” ती एकदम तडकली. “नऊ वर्षं बघतेय मी ह्या घरात, एका कारणाने काय होतं ते. खरं तुमचं होतं आणि भोगतात दुसरेच!”

आपण काय बोलून गेलो हे तिला बोलल्यावर कळलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या दुकानाच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि ते जिना चढून गेले. आज ‘आई गं’ ऐकू आलं नाही.

शुक्रवारी सकाळी सून आली तेव्हा ताडपत्री निघालेली होती. मास्तर लष्करी अ‍ॅक्सलशेजारी खडू घेऊन बसले होते. तांबड्या रंगावर त्यांनी दोन पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, गोळ्याच्या ह्या बाजूला एक, त्या बाजूला एक.

“काप,” ते म्हणाले.

“काय?”

“लांब नळी, आखूड नळी. दोन्ही जोडल्या की दीड मीटर होतात. मोजलंय मी. आत अंगठ्याएवढा पाइप आरामात जातो. चाकोरीत पुरला की वरून हत्ती नाचला तरी... तूच म्हणालीस ना?”

सून त्या अ‍ॅक्सलकडे बघत राहिली. तीन भंगारवाले. चार दिवसांचं घासणं.   मग तिने गॅसचा कटर पेटवला. रेघ मात्र नेहमीपेक्षा जास्त जपून कापली.

कापल्याचा वास पुढच्या दुकानापर्यंत गेला असावा. मुलगा दारात येऊन उभा राहिला. नव्यासारख्या अ‍ॅक्सलचे तुकडे बघून तो दोन पावलं आत आला. टेबलावर कार्ड होतं. मास्तरांचं अक्षर थरथरत्या हातामुळे मुंग्यांच्या रांगेसारखं झालं होतं, पण वाचता येत होतं.

‘कारण : सातव्या वळणावर खालच्या चाकोरीतून डावं चाक नेण्यासारखं नव्हतं, म्हणून गाडी खडकावरून उतरवावी लागत होती. उपाय : अ‍ॅक्सल सरळ करून खालून पट्टी दिली. चाकोरी लोखंड घालून पक्की करून देत आहोत. ड्रायव्हरची चूक : नाही.’

मुलाने ते दोनदा वाचलं. काल संध्याकाळी बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं.

“नेण्यासारखं नव्हतं,” तो म्हणाला. “का नव्हतं, ते नाही लिहिलं.”

“नाही लिहिलं.”

“माझ्या वेळी पुरतं लिहिलं होतंत.”

 मास्तरांनी खडू खाली ठेवला.

“जोड कच्चाच होता,” ते म्हणाले.

“होता ना. मी कुठे नाही म्हणतो?”

“पण त्या कार्डावर उपायाचा रकाना नव्हता. नंतर केला मी तो. कारण सापडलं की आपलं काम संपलं, असंच वाटायचं मला.” त्यांनी उजवा हात डाव्या हातात धरला. “पुढचा जोड तुझ्याकडून करून घ्यायला हवा होता रे. तेवढं राहिलं माझ्याकडून.”

 सुनेने काळ्या काचेचा मुखवटा डोक्यावरून काढला आणि बाकावर, बरोबर त्याच्यासमोर ठेवला.

“माझे डोळे चुरचुरताहेत,” ती म्हणाली. “हा जोड कोणीतरी करा बाई. मी चहा टाकते.”

तिचे डोळे ठणठणीत होते. चहा टाकायला ती गेली, आणि खिडकीतून बघत राहिली. मुलाने मुखवटा हातात घेतला, आतला पट्टा सैल करून आपल्या डोक्याचा केला. मास्तरांनी दोन्ही नळ्या समोरासमोर धरल्या. धरलेल्या नळ्या आधी थरथरत होत्या. मुलाने गुडघा टेकवून त्या दाबल्यावर थांबल्या. मग प्रकाश पेटला आणि तिने तोंड फिरवलं. दूध उतू गेलं तेवढ्यात, पण त्याचं काय!

दहाच्या सुमाराला पुढच्या खेपेची पिंपं घेऊन गाडी निघायला आणि शनिवारची वाट न बघता मुकादम फाटकात यायला एकच गाठ पडली. त्याने कार्ड वाचलं, उलटून मागे काही आहे का पाहिलं, परत वाचलं.

“चाकोरी पक्की? मला नाही कधी खराब दिसली.”

“तुम्ही कधी गेला होतात वर?” मास्तरांनी विचारलं.

“जाईन, वेळ आली की.” मुकादमाने पिंपांच्या मागे ठेवलेल्या लोखंडी नळीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. वर परत पाइप टाकलाय का त्या लोकांनी?”

सावकाशने किल्लीवरचा हात काढला.  मास्तरांनी तोंड उघडलं. म्हातारा आयुष्यात ज्या कामात कच्चा होता तेच काम, खोटं बोलण्याचं, त्याच्या वाट्याला आलं होतं.

“पाइप?” मागून मुलाचा आवाज आला. तो दुकानाला कुलूप लावून खांद्यावर पिशवी टाकून येत होता. “कुठल्या मापाचा देऊ, मुकादम? अर्धा इंची, पाऊण इंची? काळा घ्या. दहा वर्षं बघायला नको.”

“अरे, मला नकोय पाइप!”

“मग सकाळी सकाळी दुकानदारासमोर पाइप पाइप कशाला करता? बोहनीची वेळ आहे, आशा लागते माणसाला.”

सावकाश फस्सकन हसला. मुकादमालाही ओशाळं हसू आलं. त्याने कार्डाची घडी केली, खिशात घातली आणि “किल्ली राहू दे त्याच्याकडे” असं कोणाकडेही न बघता म्हटलं. त्याची मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत मास्तरांचं तोंड तसंच उघडं होतं.

“मिटा आता, मामा,” सून म्हणाली.

सातव्या वळणावर मुलाने पिशवीतून पाइपाचे दोन जोड काढले. वरच्या बाजूने पाणी अडवलं, पाइप सोडला, नळीतून ओवला. तेवढ्या वेळात सांडलेल्या पाण्याने सगळ्यांचे पाय भिजले. सुनेने आणि सावकाशने चाकोरी खणून ठेवली होती. तांबडी नळी तिच्यात नीट बसली. मधोमध तो जोड, अजून निळसर काळा.

मुलगा पाठमोरा बसून पाइपाचा जोड आवळत होता. मास्तर नळीशी वाकले. त्यांचा हात सवयीने खिशात गेला आणि हातोडी बाहेर आली. मुलाचे हात थांबले. त्याने मागे वळून पाहिलं नाही. नुसता थांबून राहिला, मान जराशी खाली घालून.

टण्‌ असा आवाज काही आला नाही.

मास्तरांनी हातोडी परत खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं आणि सरळ उभे राहिले.

“पुरा आता,” ते म्हणाले. “गाडीचा खोळंबा होतोय.”

मुलाने जोड आवळला, पाणी सोडलं आणि फावडं उचललं. माती पडली, वर दगड पडले. मग सावकाश गाडीत चढला, आणि आपल्या नावाला जागत, डावं चाक खडकाला न लावता चाकोरीतून घेऊन गेला. पिंपंसुद्धा वाजली नाहीत. पलीकडे पोचल्यावर त्याने खिडकीतून डोकं काढलं.

“मास्तर! काही कळलंच नाही!”

मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मोरीशी उकिडवे बसले होते, पाइपावर हात ठेवून, आणि मुलाला खुणेने बोलावत होते.

“ये,” ते म्हणाले. “हात लावून बघ.”